बडोद्यात बसून शिडाच्या जहाजाचं लाकडी मॉडेल कसं बनवायचं (अगदी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी)

घरी येणारा प्रत्येक माणूस कपाटावरचं जहाज बघून दोनच प्रश्न विचारतो, कुठून आणलं आणि केवढ्याला पडलं. घरी बनवलंय म्हटलं की तिसरा प्रश्न येतो, मलाही करायचंय, सुरुवात कुठून करू. दरवेळी तेच तेच फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. बडोद्यात समुद्र नाही, या छंदाचं एकही खास दुकान नाही, पण सोनार, सुतार, शिंपी आणि सर्जिकलवाले एवढे लोक गावात आहेत म्हणजे आपलं काम भागतं. आणि आपला समुद्राशी अगदीच संबंध नाही असंही नाही, गायकवाडांचं आरमार बिलीमोऱ्याला असायचं.

एक गोष्ट आधीच सांगतो. बघणाऱ्याचं लक्ष दोऱ्यांकडे आणि तोफांकडे जातं, नवीन करणाऱ्याचंही तिकडेच जातं, पण मॉडेल बिघडतं ते खाली, जहाजाच्या पोटात. सांगाडा सरळ असेल आणि त्यावरच्या लाकडी पट्ट्या नीट बसल्या असतील तर वरचं दोरकाम थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. सांगाडा वाकडा असेल तर वर कितीही सोन्याचं काम करा, ते जहाज कायम कुठेतरी कलल्यासारखंच दिसणार. म्हणून खाली पायरी ३ आणि ४ मी लांबलचक लिहिलीय, बाकीचं भराभर.

१. जहाज निवडणं

डब्यावरचं चित्र बघून किट घेऊ नका. सगळ्यांना पहिलं ‘व्हिक्टरी’च करायचं असतं, नेल्सनचं जहाज, १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १०४ तोफा. १:७२ स्केलला (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाला) ते पुढच्या तिरक्या काठीसकट सव्वा मीटरच्या वर जातं, कामाला वर्षं लागतात, आणि बहुतेकांचं अर्ध्या पट्ट्या लागल्यावर माळ्यावर जातं. पहिलं जहाज एक किंवा दोन डोलकाठ्यांचं घ्या. एखादी साधी होडी, कटर (एका डोलकाठीचं), किंवा स्कूनर (दोन किंवा जास्त डोलकाठ्यांची). कॅनडाची ‘ब्लूनोज’ ही १९२१ ची मासेमारीची स्कूनर आहे, तिची किटं बऱ्याच कंपन्या काढतात आणि तोफांची कटकट नाही.

आपलं मराठी मन लगेच गुराब आणि गलबताकडे धावतं, ते मी समजू शकतो. आंग्र्यांच्या गुराबा दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या, रुंद, उथळ पाण्यात चालणाऱ्या आणि नाळ (जहाजाचं पुढचं टोक) लांब पुढे काढलेल्या. गलबतं त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. पण ही माहिती मुख्यतः लिखित वर्णनांतून आणि जुन्या चित्रांतून येते, म्हणजे फासळीचा आकार तुम्हालाच ठरवावा लागतो, आणि ते पहिल्या मॉडेलला झेपत नाही. देशीच हवं असेल तर पत्तेमारी किंवा कच्छची कोटिया धरा, दोन्ही पश्चिम किनाऱ्यावरची मालवाहू शिडाची जहाजं. एदमों पारिस नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं १९ व्या शतकात ठिकठिकाणच्या देशी बोटींची मापं घेऊन ड्रॉइंगं काढून ठेवलीत, त्यात आपल्याकडच्याही आहेत. आणि लाकडी वहाणं (म्हणजे जहाजं) बांधताना प्रत्यक्ष बघायची असतील तर मांडवीला जा, म्हणजे आपली चार दरवाज्यातली नव्हे, कच्छमधली, तिथे रुक्मावतीच्या काठावर उघड्यावर सांगाडे उभे असतात. तिथे एकदा फासळ्या बघितल्या की ड्रॉइंग वाचणं एकदम सोपं होतं.

स्केलचं गणित सोपं आहे. १:४८ म्हणजे एका फुटाला पाव इंच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ ची, आज इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे, तिचा तोफांचा डेक साधारण १५० फूट. १:६४ ला ते ७१ सेंटिमीटर होतात, १:९६ ला ४८. वर पुढची काठी धरा. आधी कपाट मोजा, मग स्केल ठरवा.

२. किट मागवणं आणि लागणारी कागदपत्रं

चांगली किटं बाहेरूनच येतात, ऑक्रे आणि आर्टेसानिया लातिना स्पेनच्या, अमाती इटलीची, बिलिंग बोट्स डेन्मार्कची. इथे कुणी विक्रेता स्टॉक ठेवत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन त्याच्याकडूनच घ्या, कारण थेट मागवलं की किटच्या किमतीवर कस्टम ड्युटी, आयजीएसटी आणि वर कुरियरवाल्याची हँडलिंग फी लागते, आणि ती फी किती ते पार्सल आल्यावरच कळतं. माझं एक पार्सल एका कुरियर कंपनीनं नुसतं केवायसी अपूर्ण म्हणून अडकवून ठेवलं होतं आणि मला कळवलंच नाही, मीच ट्रॅकिंग बघत बसलो म्हणून समजलं. तेव्हा हे आधीच स्कॅन करून ठेवा:

- आधार आणि पॅन, नाव ऑर्डरवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे (‘बडोदा’ की ‘वडोदरा’ हेही एकसारखं ठेवा)
- विक्रेत्याचं बिल, त्यावर वस्तूचं वर्णन ‘लाकडी मॉडेल किट’ असं स्पष्ट
- पैसे भरल्याचा पुरावा
- पत्त्याचा पुरावा, आधारवर जुना पत्ता असेल तर

रंग आणि गोंद त्या ऑर्डरमध्ये घालू नका, ज्वलनशील म्हणून अडकतं. आणि अर्ध्या किमतीत तेच चित्र दाखवणारी नकली किटं दिसतात, त्यातलं प्लाय कडकडीत असतं, लेझरनं जळलेलं असतं आणि ड्रॉइंगच्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिच्यावरून माप घेताच येत नाही.

३. हत्यारं आणि लाकूड, हे मात्र गावातच

महागडा टूल सेट घेऊ नका. मी सांगतो ते घ्या:

- सर्जिकल ब्लेड नंबर ११ आणि त्याचं ३ नंबरचं हँडल. सयाजी हॉस्पिटलच्या आसपास सर्जिकलच्या दुकानात मिळतं, हॉबीच्या चाकूपेक्षा स्वस्त आणि जास्त धारदार
- बारीक कानशींचा सेट, हातानं फिरवायचं छोटं ड्रिल, अर्धा ते एक मिलिमीटरचे बिट, दोन चिमटे (एक सरळ, एक वाकडा). हे सगळं सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात. ओळखीच्या सोनाराला विचारा, तोच दुकान सांगेल
- तिथेच तार ओढायची भोकाभोकांची पोलादी पट्टी मिळते, बांबूची काडी तिच्यातून ओढली की डेकवर ठोकायच्या लाकडी खुंट्या तयार होतात, पण हे दुसऱ्या जहाजाला
- पॉलिशपेपर १२०, २२०, ४०० नंबर, सपाट लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवून
- कपड्यांचे चिमटे, ऑफिसचे बाइंडर क्लिप, रबरबँड, टाचण्या. क्लॅम्प कितीही असले तरी कमीच पडतात
- स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, जमलं तर व्हर्नियर
- साधं पांढरं फेविकॉल. फेविक्विक फक्त टाका मारण्यापुरतं, कारण त्याचा डाग लाकडात मुरतो आणि पॉलिश केल्यावर तेवढाच चट्टा दिसतो

लाकडाबद्दल एक उलटी गोष्ट सांगतो. ‘ट्रिंकोमाली’ सागवानाची, म्हणून मॉडेलही सागवानाचं करू असं प्रत्येकाला वाटतं, आणि संखेड्याच्या खराद्यांकडे (लेथवर लाकूड गोल करणारे) सागाचे तुकडेही मिळून जातात. करू नका. स्केलप्रमाणे जहाज लहान होतं, सागाच्या रेषा आणि छिद्रं लहान होत नाहीत, त्यामुळे सहा इंची होडीवर ती फळी खऱ्या सागाच्या दारासारखी दिसते. बारीक, एकसारख्या दाण्याचं लाकूड लागतं. आपल्याकडे त्याला हळदू उत्तम, पिवळसर, घट्ट आणि सुरीखाली लोण्यासारखं नाही पण चिरत नाही. शिसम गडद पट्ट्यांना छान, पण त्याच्या भुशानं बऱ्याच जणांना खाज आणि शिंका येतात, मास्क लावूनच घासा. लाटीवर (लाकडाच्या वखारीत) जाऊन मिस्त्रीला दीड मिलिमीटरची पट्टी कापून मागितली की तो मोठ्या मशीनकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘आटलुं पातळुं नहीं थाय, साहेब.’ बरोबरच आहे त्याचं. त्याच्याकडून ८-१० मिलिमीटरच्या जाड पट्ट्या कापून आणा आणि पुढचं बारीक काम छोट्या टेबल-सॉवर करून घ्या, नाहीतर पहिल्या जहाजाला सरळ किटमधलंच लाकूड वापरा.

४. सांगाडा आणि पट्ट्या (इथे घाई केलीत तर पुढे काही नाही)

बहुतेक किटात मध्ये प्लायचा उभा कणा असतो आणि त्यात आडव्या फासळ्या बसवायच्या असतात. कणा डब्यातून काढल्या काढल्या एका टोकाला डोळा लावून कडेवरून बघा. एक-दोन मिलिमीटर बाक असेल तर किंचित ओलावून सपाट फरशीवर वजनाखाली ठेवा, जास्त असेल तर चांगल्या प्लायचा नवाच कापून घ्या, फासळ्या लावल्यावर आपोआप सरळ होईल ही आशा सोडा. फासळ्या गोंदाशिवाय आधी बसवून बघा, सैल हव्यात, ठोकून बसवलेली फासळी कण्याला वाकवते. प्रत्येक फासळी गुण्यानं ताडा, मगच फेविकॉल. पुढच्या आणि मागच्या दोन-तीन फासळ्यांच्या मध्ये बाल्साचे (हलक्या, मऊ लाकडाचे) ठोकळे भरा, किटमध्ये सांगितलं नसलं तरी, कारण तिथेच पट्ट्या सगळ्यात जास्त वळतात आणि त्यांना टेकायला जागा लागते.

मग फासळ्यांच्या कडा तिरक्या घासायच्या. मधल्या फासळीला जवळजवळ काही लागत नाही, टोकांकडच्यांना बरंच लागतं. एक लांब पट्टी तीन-चार फासळ्यांवर हातानं धरून बघा, ती प्रत्येक कडेच्या पूर्ण जाडीला टेकली पाहिजे. एखाद्या फासळीवर उजेड दिसला तर तिथे पातळ चकती चिकटवा, उंचवटा वाटला तर घासा, आणि पट्टी वर, मध्ये, खाली अशी सगळीकडे सरकवून बघा. कंटाळवाणं काम आहे, दोन संध्याकाळी जातात, पण इथला एक मिलिमीटरचा खड्डा वरून पॉलिश केल्यावर लांबून दिसतो.

आता पट्ट्या. सगळ्या पट्ट्या सारख्या रुंद लावत गेलं की पुढे नाळेकडे त्या एकमेकींवर चढतात आणि मागे फटी पडतात, कारण जहाजाचं पोट मध्ये मोठं आणि टोकाला लहान असतं. म्हणून आधी गणित. कागदाची एक पट्टी मधल्या फासळीवर डेकपासून कण्यापर्यंत लावा, लांबी मोजा. समजा ९० मिलिमीटर आली आणि पट्टी ५ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे एका बाजूला १८ पट्ट्या. आता पुढच्या फासळीवर तसंच मोजा, समजा ५४ आलं. ५४ भागिले १८ म्हणजे ३. तर प्रत्येक पट्टी मध्ये ५ आणि नाळेकडे ३ मिलिमीटर करायची. मूळ रुंदीच्या अर्ध्यापेक्षा खाली जाऊ नका, इथे अडीच, नाहीतर ती टोकदार होऊन तुटते. अडीचच्या खाली येत असेल तर दोन पट्ट्यांच्या जागी टोकाला एकच न्यायची. मागच्या फासळीवर समजा १०८ आलं तर प्रत्येकीला ६ लागतात आणि पट्टी तर पाचचीच, तिथे फट राहणार, ती पाचरीच्या आकाराच्या जादा पट्टीनं भरायची. खऱ्या जहाजांतही अशाच भरायच्या, त्यामुळे ती लपवायची गरज नाही.

वाकवताना पट्टी गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, मग गोल डब्यावर किंवा गरम सोल्डरिंग आयर्नवर हळूहळू. ती फक्त चपट्या अंगानं वाकते, कडेनं जबरदस्तीनं वाकवली की पीळ पडतो आणि कड उचलते. ओली पट्टी फासळ्यांवर चिमट्यांनी धरून पूर्ण वाळू द्या, आकार राहतो, मग काढून गोंद. ओली असतानाच चिकटवली तर वाळल्यावर आकसते आणि फटी दिसतात. हेच पावसाळ्याचं, जुलै-ऑगस्टात बडोद्याची हवा एवढी दमट की लाकूड फुगलेलं असतं आणि दिवाळीनंतर फटी उघडतात. पट्ट्यांचं काम थंडीत किंवा उन्हाळ्यात काढा, पावसाळ्यात कप्प्या आणि तोफगाडे करत बसा.

शेवटचं, एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे. एकच बाजू आधी पूर्ण केलीत तर ओढ एकतर्फी पडते आणि एवढा सरळ केलेला कणा पुन्हा वाकतो.

५. डेक, तांबं, रंग

डेकच्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड लावायच्या नाहीत. खऱ्या जहाजावरच्या फळ्या वीस-चोवीस फुटांच्या, म्हणजे १:६४ ला साधारण दहा सेंटिमीटर. तेवढे तुकडे करा आणि शेजारच्या ओळीत जोड पुढेमागे सरकवा. पट्टीच्या एका कडेला मऊ पेन्सिल घासली की फळ्यांच्या फटीत भरलेल्या डांबराची काळी रेघ आपोआप दिसते. मार्कर नको, लाकडात पसरतो.

बुडाला तांब्याचे पत्रे लावण्याआधी जहाजाचं वर्ष बघा. इंग्रजी नौदलानं तांबं पहिल्यांदा १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या फ्रिगेटवर लावून बघितलं, त्याच्या आधीच्या इंग्रजी जहाजाला तांब्याचं बूड दिसलं तर ते चमकतं छान पण चूक आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या वहाणांना खाली चुना आणि चरबीचं लेपण असायचं, म्हणजे कोटियाचं बूड मळकट पांढरं. रंग नेहमी कमी चमकीचा, मॅट.

६. डोलकाठ्या

गोल काठी लेथवर करायला देऊ नका, लांब आणि बारीक काठी थरथरते आणि मध्येच तुटते. चौकोनी काठी घ्या, तिला निमुळती करा, मग प्रत्येक बाजूवर रुंदीचे ७, १०, ७ असे भाग पाडून दोन रेघा मारा, त्या रेघांपर्यंत कोपरे छाटले की अष्टकोन मिळतो. मग सोळा बाजू आणि मग पॉलिशपेपरनं गोल. ड्रिलमध्ये धरून घासलंत तरी चालेल, टोक हातात हलकं धरा.

७. दोरकाम

किटमध्ये दोन-तीन जाडीचा दोरा देतात, तेवढ्यानं भागत नाही, निदान पाच-सहा जाड्या हव्यात. मंगळ बाजारात शिवणकामाच्या आणि क्रोशाच्या दुकानात मिळतात. पतंगाचा मांजा घरोघर फिरक्यांवर पडलेला असतो म्हणून वापरू नका, त्यावर काच असते, शेजारचे दोरे आणि तुमची बोटं दोन्ही कापतो. सुती दोऱ्याची लव मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन नेऊन जाळा, मग मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा. उभे राहणारे दोर डांबरलेले, म्हणून गडद तपकिरी किंवा काळे, शिडं हलवणारे फिकट.

क्रम असा: कप्प्या डोलकाठ्यांना आणि यार्डांना (शिडं टांगायच्या आडव्या काठ्यांना) टेबलवरच बांधून घ्या, जहाजावर उभं केल्यावर हात पोचत नाही. मग खालचे बाजूचे दोर जोडीनं, उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची पुढची, पुन्हा उजवी, असं मागे जायचं म्हणजे काठी सरळ राहते. मग पुढचे-मागचे स्टे, म्हणजे काठीला पुढे-मागे ताणून धरणारे दोर. यार्ड आणि त्यांचे दोर सगळ्यात शेवटी.

बाजूच्या दोरांवर चढायला जी शिडी असते तिच्या आडव्या दोऱ्या बांधताना मागे रेघा मारलेला कागद लावा. खऱ्यात त्यांच्यातलं अंतर १३ ते १५ इंच, १:६४ ला पाच-सहा मिलिमीटर. गाठ ओढून बांधली की उभे दोर आत खेचले जातात आणि शिडी डमरूसारखी दिसायला लागते, म्हणून दर चार-पाच ओळींनी लांबून बघा. टोकाच्या दोन दोरांना गाठ, मधल्यांना वेढा, आणि पातळ केलेल्या फेविकॉलचा थेंब. शिडं लावायचीच असं काही नाही, कापड कधीच स्केलला पातळ मिळत नाही आणि मागचं दोरकाम झाकतं. मी लावत नाही.

८. काचपेटी

पेटी नंतर बघू म्हणू नका, आठवडाभराची धूळ दोऱ्यांवर बसली की ती ब्रशनं निघत नाही आणि पालीनं एकदा शिडीवर उडी मारली की संपलं. माप देताना नुसत्या हुलची (जहाजाच्या अंगाची) लांबी देऊ नका, पुढच्या तिरक्या काठीच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, रुंदी सगळ्यात लांब यार्डाची, उंची स्टँडसकट, आणि सगळीकडे पाच सेंटिमीटर मोकळे. काच जड पण ओरखडे पडत नाहीत, ॲक्रिलिक हलकं पण पुसायला मऊ फडकंच हवं. तळाच्या फळीला मागच्या बाजूनं दोन बारीक भोकं ठेवून त्यावर जाळी लावा, बंद पेटीत पावसाळ्यात बुरशी धरते. फळी प्लायची असेल तर वाळवीचं औषध आधी मारून पूर्ण वाळू द्या, मगच मॉडेल आत.

पेटी थेट उन्हात नको, काळे दोरे विटतात. आणि विश्वामित्री नदीच्या आसपास राहत असाल तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाणी तळमजल्यात कुठवर आलं होतं ते भिंतीवर बघून घ्या आणि फळी त्याच्या वर मारा.